चौथाई

"ह्ये चौथाई कशाची कापली, मॅडम?"

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी तिने हे विचारलं तेव्हा मी पर्स आवरत होते. कारकून गेला होता, ज्युनिअर खाली झेरॉक्सच्या दुकानात होता आणि तिला सातची पाटण गाडी गाठायची होती. तिचा नवरा अपघातात गेला, त्याच्या भरपाईचा दावा माझ्याकडे आहे. सरतपासाच्या प्रतिज्ञापत्रावर, म्हणजे तिच्या लेखी साक्षीवर, सह्या करायला ती कराडला आली होती. सह्या झाल्या आणि मी सवयीने हिशेबाचा कागद तिच्यापुढे सरकवला. आपण किती मागतोय ते पक्षकाराला ठाऊक असावं, एवढाच त्यामागचा हेतू. बहुतेक जण तळाचा आकडा बघतात आणि कागद परत देतात. ही नववीपर्यंत शिकलेली. तिने वरून सुरुवात केली, एकेका ओळीवर बोट ठेवत. सकाळी कुणाच्या तरी रानात भांगलण उरकून आली असावी, नखांच्या कडेला माती होती. मयताचं मासिक उत्पन्न 12,000. त्यात भविष्यातली वाढ 40 टक्के, म्हणजे 4,800. एकूण 16,800. वजा मयताचा स्वतःवरचा खर्च, एक चतुर्थांश, 4,200. बोट तिथं थांबलं.

"मालक म्हैन्याला बेचाळीसशे रुपयं सोताव खर्चत हुते?"

आवाजात तक्रार नव्हती. नवऱ्याने लपवलेलं काहीतरी अचानक कळावं, तसा तो आवाज होता. मी म्हटलं, "तसं नाही हो, तो नियम आहे. सगळ्यांचंच कापतात." तिने मान हलवली, कागदाची चार पदरी घडी केली, ब्लाउजात ठेवली आणि गाडी गाठायला गेली. मी कुलूप लावलं. जिना उतरताना लक्षात आलं की "तो नियम आहे" हे वाक्य मी अकरा वर्षं सरकारी वकील असतानाही असंच म्हणायचे, याच आवाजात, बहुधा पर्स आवरतानाच.

नियम तसा वाईट नाही, हे मला कबूल करायला हवं. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्माच्या निकालात हा तक्ता घालून दिला, त्याआधी प्रत्येक न्यायाधिकरणाचा हिशेब वेगळा असायचा. आता माणूस पंचविशीच्या आतला असेल तर वर्षाच्या रकमेला 18 ने गुणायचं, एकतीस ते पस्तीसमधला असेल तर 16 ने, साठीला टेकला असेल तर 9 ने. मागे दोन-तीन माणसं अवलंबून असतील तर एक तृतीयांश कापायचा, चार ते सहा असतील तर चौथाई, त्याहून जास्त असतील तर पाचवा हिस्सा. लग्न न झालेला असेल तर थेट निम्मे. तो पोरगा स्वतःवरच जास्त खर्च करतो आणि पुढं लग्न करून आपला संसार थाटणार असतो, असं त्यामागचं गृहीतक. मग 2017 मध्ये प्रणय सेठीच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने भविष्यातल्या वाढीचे टक्के ठरवून दिले. स्वतःचा धंदा किंवा मजुरी करणारा चाळिशीच्या आतला असेल तर 40, पन्नाशीपर्यंत 25, साठीपर्यंत 10. अंत्यविधीचे 15,000 आणि सहवास गमावल्याचे 40,000 हेही त्यातच, दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढीसकट. सहवासाला महागाई लागू होते, हे त्या निकालाने शिकवलं. तिच्या नवऱ्याचं वय 34. मागे ती, दोन पोरं आणि सासू, म्हणजे चौघं. 12,600 गुणिले 12 गुणिले 16. चोवीस लाख एकोणीस हजार दोनशे. त्यातला 12,000 चा पहिला आकडासुद्धा माझाच, कारण गवंड्याला पगारपत्रक नसतं आणि ठेकेदार साक्षीला यायला तयार नाही. न्यायाधिकरण तो खाली आणू शकतं.

गवंडीच होता तो. जानेवारीतली गोष्ट, गळीत हंगाम ऐन भरात. आमच्याकडच्या रस्त्यांवरून रात्री मोटरसायकल चालवलेल्या कुणालाही पुढचं सांगायची गरज नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, असलाच तर चिखलाने माखलेला, आणि पुढे केबिनमध्ये गाणी इतक्या मोठ्याने की मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलेलं ड्रायव्हरला दोन शेतं गेल्यावर कळावं. टायर फुटलं की ट्रॉली तिथेच रस्त्यावर सोडतात. चाकाला दोन धोंडे लावतात, मागे बाभळीची फांदी नाहीतर उसाचं वाढं टाकतात आणि ट्रॅक्टर पुढे निघून जातो. हा रात्री नऊ वाजता काम संपवून येत होता. समोरून येणाऱ्या टेंपोच्या दिव्यांनी डोळे दिपले आणि काळ्या रस्त्यावरची काळी ट्रॉली त्याला दिसली नाही. घटनास्थळ पंचनाम्यात लिहिलंय: एक मोटरसायकल पुढील भाग चेपलेला, चपलेचा एक जोड, कापडी पिशवी, त्यात स्टीलचा डबा, थापी व ओळंबा. चार दिवसांनी मी जागा बघायला गेले तर ट्रॉली केव्हाच हललेली होती. धोंडे तिथेच होते. पुढच्या मोटरसायकलवाल्याची वाट बघत असल्यासारखे.

विमा कंपनीचं म्हणणं दोन ओळींचं आहे. तो मागून धडकला, म्हणजे चूक त्याची. आणि विमा ट्रॅक्टरचा आहे, ट्रॉलीचा नाही.

हाच अपघात पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे आला असता तर तो "304-अ ची केस" म्हणून, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा फौजदारी खटला म्हणून आला असता. मी 2004 साली लोकसेवा आयोगामार्फत सहायक सरकारी अभियोक्ता झाले. लोक आम्हाला सरकारी वकीलच म्हणतात, पोलीस "आमच्या मॅडम" म्हणतात. 1995 सालच्या निकालाने अभियोक्ते पोलीस खात्याच्या हाताखालून काढले, पण ठाण्यातल्या हवालदारांपर्यंत ही बातमी पोचायला बराच वेळ लागला. तालुक्याच्या कोर्टात रोज बोर्डावर चाळीस-पन्नास प्रकरणं. मारामारी, बांधावरची भांडणं, चोरीची डीपी, दारूबंदी आणि अपघात. अपघाताच्या फिर्यादी तर झोपेत वाचता येतील अशा. "यातील आरोपी याने आपले ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून..." सगळ्या जिल्ह्यांत हेच वाक्य. मग साक्षीदार पिंजऱ्यात येतो आणि म्हणतो, गाडी भरधाव होती. बचावाचे वकील विचारतात, भरधाव म्हणजे किती? साक्षीदार म्हणतो, जोरात. संपलं. नुसतं भरधाव म्हटल्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच सांगून ठेवलंय, आणि बचावाचे वकील तो निकाल खिशात घेऊनच फिरतात. पंच फितूर होतात, त्यांच्यावर मी कधी रागावू शकले नाही. पंच म्हणजे हमरस्त्याच्या कडेचा टपरीवाला, त्याला उद्या त्याच रस्त्यावर चहा विकायचा असतो. शिक्षा झालीच तर तेव्हा कमाल दोन वर्षं. आता नव्या न्याय संहितेत पाच केलीत, पण "भरधाव" अजून भरधावच आहे.

माझ्या कारकिर्दीत किती सुटले ते मी मोजलं नाही. मोजणारे होते, ते आमच्या मासिक बैठकीत मोजायचे.

एक म्हातारा मात्र लक्षात राहिला. त्याचा पोरगा मोटरसायकलवर होता, ट्रक समोरून आला. म्हाताऱ्याने अपघात पाहिलेला नव्हता, त्याला फक्त प्रेत ओळखल्याची साक्ष द्यायची होती. चार तारखा तो आला आणि परत गेला. एकदा साहेब रजेवर, एकदा वकिलांचा बहिष्कार, एकदा आरोपी गैरहजर, एकदा मीच दुसऱ्या कोर्टात अडकलेले. दर वेळी पांढरी टोपी, धुवट पैरण आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी. पाचव्या वेळी साक्ष झाली. चार मिनिटं. नाव काय, वय काय, मयत तुमचा कोण, प्रेत ओळखलं का, ही सही तुमची का. उलटतपास नाही. शिपाई म्हणाला, जावा आता. म्हातारा पिंजऱ्यातून उतरला आणि माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. "बाई, माझं म्हणणं कुणी इचारलंच न्हाई की." मी पुढच्या प्रकरणाची फाईल उघडत होते. म्हटलं, "झालं बाबा तुमचं काम." त्याने पिशवीतून एसटीच्या तिकिटांची चवड काढली, दोऱ्याने बांधलेली, पाच तारखांची जाण्या-येण्याची नऊ तिकिटं, शेवटचं परतीचं तेवढं काढायचं होतं. मला वाटलं भत्ता हवाय. त्याला नाझरकडे, म्हणजे कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्याकडे पाठवलं. तो गेला का, त्याला काही मिळालं का, मी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी ट्रकवाला सुटला. निकालात माझ्याबद्दल वाईट काही नव्हतं, चांगलंही नव्हतं.

जे टोचतं ते हे नव्हे. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण होतं. मी रोज त्या जिन्याखालून जायचे. तेव्हा दाव्याला मुदतीचं बंधनही नव्हतं, 1994 साली ते काढून टाकलेलं, आता 2022 पासून पुन्हा सहा महिन्यांचं आलंय. तेव्हा तो म्हातारा केव्हाही वर जाऊ शकला असता. खाली आरोपी सुटला म्हणून वरचं दार बंद होत नाही, कारण खाली वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं आणि वर शक्यतेचं पारडं थोडं झुकलं तरी पुरतं. तीच फिर्याद, तोच पंचनामा, तोच टपरीवाला. खाली फाटतो, वर टिकतो. हे मला पाठ होतं. "बाबा, त्या जिन्याने वर जा, तिथं एखादा वकील गाठा," एवढं म्हणायला दहा सेकंद लागली असती. मुद्दाम नाही सांगितलं असंही नाही. ते माझ्या कामात बसत नव्हतं म्हणून सुचलंच नाही. आपल्या कामात बसत नाही ते माणसाला दिसतच नाही, असं मी पुढं कितीदा स्वतःला समजावलंय. पटत नाही. आणि वर गेला असता तरी तक्त्याने त्याच्या पोराचे निम्मे पैसे कापले असते, लग्न झालं नव्हतं म्हणून. हा विचारही आता येतो, पूर्वी येत नसे.

2015 मध्ये मी राजीनामा दिला. त्या म्हाताऱ्यासाठी दिला असं लिहिलं तर लेख चांगला दिसेल, पण ते खोटं होईल. बदलीची ऑर्डर आली होती विदर्भात, मुलगी आठवीत होती, सासूबाईंचा गुडघा बदलायचा होता. फौजदारीत बचावाकडे जायचं धाडस नव्हतं. ज्या हवालदारांना आमचे म्हटलं त्यांनाच उलटतपासात खोटं पाडायचं, हे मला जमलं नसतं. एका ज्येष्ठ वकीलबाईंनी सुचवलं, एमएसीटी, म्हणजे अपघात न्यायाधिकरणाचं काम कर, तुला पंचनामा वाचता येतो. बाररूममध्ये दोघा-चौघांनी हसून घेतलं. या कामाला तिथं फारसा मान नाही, आणि त्याला कारण आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर कोऱ्या वकीलपत्रांचा गठ्ठा घेऊन उभी असलेली दलाल माणसं मी स्वतः पाहिली आहेत. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे निकालाच्या रकमेत वकिलाला हिस्सा ठरवता येत नाही. तरी पक्षकार पहिल्याच भेटीत विचारतो, "किती टक्के घेणार?" म्हणजे कुणीतरी त्याला हा प्रश्न शिकवलेला असतो.

सुरुवातीची दोन वर्षं माझी सवय सुटेना. ट्रकच्या ड्रायव्हरचा उलटतपास मी आरोपीचा घ्यावा तसा घ्यायचे, दीड-दीड तास. एकदा सदस्य साहेब, म्हणजे न्यायाधिकरणाचे न्यायाधीश, चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, याला आत नाही टाकायचंय." कोर्टात हशा झाला. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आता त्या ड्रायव्हरचं काय होतं याला माझ्या लेखी किंमत नाही. पैसे तो देतच नाही, कंपनी देते. अकरा वर्षं मी आरोपीकडे बघत होते आणि मयत म्हणजे निशाणी क्रमांकाचा एक शवविच्छेदन अहवाल होता. आता आरोपी मागच्या बाकावर जांभई देत बसतो आणि मला मयताचं सगळं हवं असतं. कुठे कामाला, कुणाबरोबर, दर किती, बँकेत खातं आहे का, भिशी होती का, शाळा सोडल्याचा दाखला आहे का. मेलेल्या माणसाची इतकी चौकशी त्याच्या जिवंतपणी कुणी केली नसेल.

जखमींचं वेगळंच. एक बाई होती, खानावळीत पोळ्या करणारी. रिक्षा उलटली, उजवं मनगट मोडलं, तारा घातल्या, जुळलं. अपंगत्वाच्या दाखल्यावर डॉक्टरांनी लिहिलं 18 टक्के. कंपनी म्हणाली, 18 टक्केच उत्पन्न बुडालं. 2011 मध्ये राजकुमारच्या निकालात हा गुंता सोडवून ठेवलाय: हात गेला तर शरीराचं अपंगत्व किती ते डॉक्टर सांगतील, पण सुताराचा हात जाणं आणि कारकुनाचा हात जाणं एक नव्हे, कमाई किती बुडाली ते काम बघून ठरवायचं. मी तिला ऑफिसात म्हटलं, दाखवा बरं. टेबलावर गोल रूळ होता, तो तिने लाटण्यासारखा धरला आणि फाईलच्या पुठ्ठ्यावर फिरवायला लागली. डावा हात पुढे जायचा, उजवा अर्ध्यात अडकायचा, रूळ तिरका जायचा. "पोळी नकाशा होती बगा," ती म्हणाली आणि हसली. कोर्टात तिला हे करून दाखवायला सांगितलं तेव्हा तिला रडू फुटलं. मला त्या रडण्याचं वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी, स्टेनो थांबून बघतोय हे पाहून, बरंही वाटलं. या कामात हे दोन्ही एकदम वाटतं. त्याची सवय झाली, याचं तिसरंच काहीतरी वाटतं.

आणि पेढे. अवॉर्ड, म्हणजे भरपाईचा निकाल झाला की लोक कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन येतात. पोरगा गेलेले आईबाप पेढे आणतात. अज्ञान मुलांचा हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत, विधवेचा काही हाती, काही ठेवीत, असा आदेश मी वाचून दाखवत असते आणि समोर बॉक्स उघडा असतो. खाल्ला नाही तर त्यांना वाईट वाटतं. मी खाते. चव चांगली असते, साताऱ्याचे पेढे शेवटी.

तर ती चौथाई. पुढच्या मंगळवारी तिचा उलटतपास होता. तोपर्यंत मी मनाशी तिच्यासाठी उत्तर जुळवून ठेवलं होतं. हा तक्ता नसता तर प्रत्येक मयताच्या खिशात कंपनीने हात घातला असता. दारू पीत होता का, पत्ते खेळत होता का, बाहेर जेवत होता का, प्रत्येक विधवेला पिंजऱ्यात उभं करून नवऱ्याची व्यसनं मोजून घेतली असती. चौथाई कापली की विषय संपतो. ही अब्रू झाकायची किंमत समजा. मला हे उत्तर आवडलं होतं.

कंपनीचे वकील सज्जन आहेत, ते त्यांचं काम करतात. ट्रॉली, विमा, लायसन्स सगळं झालं. शेवटी त्यांनी चष्मा पुसत विचारलं, मयत दारू पीत होते हे म्हणणं खरं आहे का? "न्हाई." मयतांना तंबाखूचं व्यसन होतं हे म्हणणं खरं आहे का? पूर्वी मी साक्षीदारांकडून घोकून घ्यायचे, विचारलं तेवढंच बोला. हिलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, "हो. धाची पुडी. दोन दिस पुरायची." सदस्य साहेबांनी स्टेनोला सांगितलं आणि पडद्यावर उमटलं: मयतास तंबाखूचे व्यसन होते हे म्हणणे खरे आहे. पुडी आणि दोन दिवस त्यात नव्हते. मी फेरतपासाला उठले नाही. उठून काय विचारणार होते?

बाहेर व्हरांड्यात ती खांबाला टेकून उभी होती. मी जुळवून ठेवलेलं उत्तर सुरू केलं, तेवढ्यात तिने ब्लाउजातून तो चार पदरी कागद काढला. मागच्या कोऱ्या बाजूला पोराच्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं. तंबाखू, 150. दाढी कटिंग, 80. चप्पल, वर्षाला 300, त्याचे महिन्याचे 25. मोबाईलचा रिचार्ज लिहून खोडला होता. "त्येच्याव समदीच बोलायची, आत्याबी," ती म्हणाली. खाली रेघ, आणि 255. त्या 255 खाली अजून एक ओळ होती, पुढे आकडा नव्हता, नुसतं "वारी" लिहिलेलं.

"पाच दिस ह्येच करतीय," ती म्हणाली. "येकदा आळंदीस्नं पंढरपूरला चालत गेलं हुतं, लगीन झाल्याव दुसऱ्या वर्षी. हज्जार रुपयं नेलं हुतं, त्यातलं तीनशे माघारी आणलं आन मला बांगड्या. मॅडम, वारीचा खर्च सोताव धरायचा का घराव?"